उष्ण कटिबंधातल्या बेटावर सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न हॉटेलचा निघतो. माझ्या अनुभवात तो सगळ्यात शेवटी येतो. आधी महिना ठरवायचा, मग बेटाची बाजू, मग भरती-ओहोटीच्या वेळा पाहायच्या, आणि त्यानंतर खोली. बेटावरचा दिवस वारा आणि पाणी ठरवतात. हे एकदा लक्षात आलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप मिळतात. मैत्रिणी, नातेवाईक, ओळखीचे लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

उष्ण कटिबंधात बाराही महिने हवा सारखीच असेल, असा समज असतो. तापमानापुरतं ते बरंचसं खरं आहे. बदलतात ते पाऊस आणि वारा, आणि सुट्टी बिघडते ती त्यांच्यामुळेच. मालदीवला डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, तेव्हा हवा कोरडी आणि पाणी नितळ. बालीला साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने.

एकाच देशातली दोन बेटंही एकमेकांच्या उलट वागू शकतात. थायलंडमध्ये फुकेतला मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस, तर पलीकडच्या आखातातल्या कोह समुईला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी मिळत असेल, तर देश न बदलता नुसतं बेट बदलून भागतं. म्हणून ‘थायलंडला कधी जावं’ असं न विचारता ‘या बेटाच्या या किनाऱ्यावर कधी जावं’ असं विचारा.

चक्रीवादळाच्या मोसमात सगळं स्वस्त मिळतं. जावं का?

आधी बेट कुठे आहे ते नकाशावर पाहा. कॅरिबियन समुद्रात वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही सप्टेंबरच्या आगेमागे जोर जास्त. मॉरिशस, रियुनियन, फिजी या दक्षिण गोलार्धातल्या बेटांवर तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो.

विषुववृत्ताच्या अगदी जवळ मात्र चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जी वळण घेणारी ओढ मिळते, ती तिथे फार क्षीण असते, त्यामुळे वारा भोवऱ्यासारखा फिरायलाच लागत नाही. सेशेल्सची मुख्य बेटं याच पट्ट्यात येतात. कॅरिबियनच्या दक्षिण टोकाची अरुबा, बोनेअर आणि क्युरासाओ ही बेटंही वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहेत, तिथे तडाखा क्वचितच बसतो. बाकी ठिकाणी ऐन मोसमात जाणार असाल तर तारखा बदलता येतील असंच बुकिंग करा, आणि वादळाची सूचना निघण्याच्या आधी प्रवासाचा विमा काढा. सूचना निघाल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही.

बेटाच्या कोणत्या बाजूला राहावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मीच तो इथे घातला आहे.

उष्ण कटिबंधात बराच काळ पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. बेटावर डोंगर असेल तर वाऱ्याकडची बाजू ढग अडवते, तिथे पाऊस आणि हिरवाई. आडोशाच्या बाजूला ऊन आणि शांत पाणी. हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलोला वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पश्चिमेच्या कोनाला त्याच्या पाव हिश्शाइतकाही नाही. गाडीने दीड-दोन तासांचं अंतर, पण दोन वेगळ्या देशांत आल्यासारखं वाटतं.

मॉरिशसलाही मे ते ऑक्टोबर पूर्व किनारा वाऱ्याने झोडपलेला असतो, पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकसारख्या ठिकाणी पाणी बरंच शांत मिळतं. पतंगाच्या दोरीवर लाटांवरून सरकणाऱ्यांना हवा असतो नेमका वारा, ते मुद्दाम वाऱ्याची जागा निवडतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर आडोशाची बाजूच घ्या.

फोटोत निळंशार पाणी होतं, आम्ही पोहोचलो तर समुद्रच नव्हता. फसवणूक झाली का?

नाही. तुम्ही ओहोटीला पोहोचलात.

टांझानियाच्या झांझिबार बेटावर, पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे गावी, मी पहिल्या सकाळी बाहेर आले तेव्हा पाणी दूरवर, प्रवाळाच्या भिंतीपाशी, पांढऱ्या रेघेसारखं दिसत होतं. मधे सगळी ओली वाळू आणि घोट्याएवढी डबकी, हाताला कोमट लागणारी. त्या मोकळ्या जागेत बायका वाकून काम करत होत्या. वाळूत रांगेने खुंट ठोकलेले, खुंटांमध्ये ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांना समुद्री शेवाळाचे झुबके बांधलेले. दुपारी पाणी परत आलं ते लाटा घेऊन नाही. आधी वाळूच्या खाचा भरल्या, मग खुंटांचे बुंधे बुडाले, मग बायका टोपल्या घेऊन किनाऱ्याकडे चालू लागल्या. तासाभरात मी जिथे उभी होते तिथे कमरेएवढं पाणी. फोटोतला निळा रंगही त्याबरोबरच आला.

भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आज सकाळी आठला भरती असेल तर चार दिवसांनी ती अकराच्या पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. झांझिबारला उधाणात तीन-चार मीटरचा चढउतार होतो, तर मॉरिशस किंवा मालदीवला तो जेमतेम अर्धा ते एक मीटर, सहज लक्षातही येत नाही. त्या आठवड्याचा भरतीचा तक्ता आधी पाहा आणि पोहणं, होडी, किनाऱ्यावरची फेरी त्यावर बसवा. बेटावरच्या सुट्टीतली निम्मी निराशा या एका तक्त्याने टळते, असं मी अनुभवावरून सांगते.

आठ दिवसांत किती बेटं करावीत?

एक. फार तर दोन.

बेट बदलायचं म्हणजे सामान बांधणं, धक्क्यावर वाट पाहणं, होडी किंवा लहान विमान, पुन्हा खोली मिळण्याची वाट. त्यात एक अख्खा दिवस जातो. मालदीवची सी-प्लेनं, म्हणजे पाण्यावर उतरणारी लहान विमानं, तर फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं मोठं विमान संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र राजधानी माले किंवा शेजारच्या हुळहुमालेला काढावी लागते. तिकीट काढण्याआधीच हे पाहिलेलं बरं. शिवाय एकाच किनाऱ्यावर चार-पाच दिवस राहिलं की तिसऱ्या दिवसापासून तो किनारा कळायला लागतो. कासव कोणत्या खडकापाशी येतं, वारा किती वाजता पडतो, हे पहिल्या दिवशी कोणालाच दिसत नाही.

मला पोहता येत नाही. मग जाऊन काय करणार?

खूप काही. शांत लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात, कमरेएवढ्या खोलीवर, लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करता येतं, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याखाली पाहता येतं. बरोबर कोणीतरी पोहणारं असावं एवढंच.

मास्क आधी कोरड्यावर तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकासा श्वास आत घ्या. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं, दाट मिशी असली तरी शिरतं. मग पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि नळीतून श्वास घ्या. पहिले पाच-सहा श्वास घाबरे येतात, सगळ्यांनाच. तेव्हा घाईने पुढे जाऊ नका. श्वास लांब आणि सावकाश होईपर्यंत तिथेच उभे राहा.

आणि मग ऐका. पाण्याखाली सगळ्यात आधी मला ऐकू आला तो कडकड चावण्याचा आवाज, कोणीतरी कानाशी खडीसाखर फोडावी तसा. तो पोपटमासा होता. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खात होता. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे तो नेमका कुठून येतोय हे कानांना कळत नाही. मी चहूकडे मान फिरवत होते आणि तो हिरवा-निळा मासा माझ्या पायांपाशीच होता.

मला चांगलं पोहता येतं. मला कशाची भीती?

प्रवाहाची. प्रवाळाच्या भिंतीवरून लाटा सतत पाणी आत टाकत असतात. ते पाणी लगूनमध्ये साठून राहत नाही, भिंतीला जिथे खिंड असते तिथून बाहेर पडतं. ओहोटी लागली की त्या खिंडीत पाणी नदीसारखं धावतं, आणि वरून मात्र शांत दिसतं. लाटा फुटत नसलेला गडद निळा पट्टा दिसला तर ती सुरक्षित जागा असेलच असं नाही. बऱ्याचदा तीच खिंड असते.

प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करून खूण करा, आणि जमेल तसं प्रवाहाच्या आडव्या दिशेने सरका. स्नॉर्कलिंगला निघताना आधी प्रवाहाच्या उलट जा. दमल्यावर परतताना तो मदतीला येतो. एकट्याने जाऊ नका, आणि निघण्याआधी तिथल्या एखाद्या होडीवाल्याला विचारा. त्याने ‘आज नको’ म्हटलं तर नको.

प्रवाळ म्हणजे दगडच ना? त्यावर उभं राहिलं तर काय होतं?

प्रवाळ जिवंत असतं. चुन्याच्या सांगाड्यावर हजारो लहान जीवांची एक पातळ साय असते, आणि त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना अन्न देतं आणि बराचसा रंगही. गोल घुमटासारखं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे अर्धा मीटर उंचीचा घुमट आपल्यातल्या बऱ्याच जणांहून वयाने मोठा असतो. फांद्यांसारखं प्रवाळ भराभर वाढतं, पण पायातल्या फिनचा, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखाचा, एक फटका बसला तरी तुटतं.

नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर असं झालं, आणि २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडण्याची, घोषणा झाली. म्हणजे तुम्ही पाहाल ते प्रवाळ कदाचित आजारातून सावरत असेल. हात लावू नका, पाय टेकू नका. दमलात तर पाठीवर तरंगा. त्यात तुमचाही फायदा आहे, कारण प्रवाळाने खरचटलेली जखम लवकर चिघळते. खरचटलंच तर स्वच्छ पाण्याने नीट धुऊन जंतुनाशक लावा.

थोडी मोकळीक मिळाली की समुद्र काय करतो, हे थायलंडच्या माया बेमध्ये दिसलं. गर्दीने प्रवाळ उद्ध्वस्त झाल्यावर २०१८ मध्ये ती खाडी बंद केली, २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडली, आणि मधल्या काळात लहान शार्क उथळ पाण्यात परतले होते. फिलिपिन्सचं बोराकायही २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांना बंद होतं. जाण्याआधी अशा बंदीच्या तारखा जरूर पाहा.

काही बेटांची वाळू पांढरी, काहींची काळी का?

पांढरी वाळू म्हणजे बहुतेक प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा. त्यातला मोठा वाटा त्या पोपटमाशाचा. तो चावलेलं प्रवाळ आत दळतो आणि वाळू करून बाहेर टाकतो. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. काळी वाळू ज्वालामुखीची, जशी हवाईतल्या पुनालुउची, आणि दुपारी ती पाय भाजेल इतकी तापते, चपला न्या.

कडं घातल्यासारखी जी गोल बेटं दिसतात, त्यांचं कोडं चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये उलगडलं. ज्वालामुखी हळूहळू खाली बसत जातो आणि कडेचं प्रवाळ वर वाढत राहतं. शेवटी डोंगर नाहीसा होतो, कडं उरतं. बोरा बोरा त्या प्रवासाच्या मधल्या टप्प्यावर आहे. डोंगर अजून उभा आहे, भोवती कडंही तयार आहे.

सनस्क्रीन कोणतं न्यावं?

आधी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या, मग सनस्क्रीन. स्नॉर्कलिंग करताना पाठ आणि पोटऱ्या तासभर उन्हाकडे असतात आणि पाण्याच्या गारव्यात भाजणं कळतच नाही. कळतं ते रात्री, पाठ टेकवत नाही तेव्हा. शर्ट असला की सनस्क्रीनही थोडंच लागतं. ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं.

हवाईमध्ये २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशात २०२० पासून त्याहून कडक नियम आहेत. झिंक ऑक्साइडचं घेतलं तर बहुतेक ठिकाणी चालतं.

समुद्रात विषारी काय काय असतं?

नियम सोपा: जे ओळखीचं नाही त्याला हात नाही. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, सुंदर शंख उचलायचा मोह होतो, पण आतला जीव जिवंत असला तर त्याचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. वाळूत लपलेल्या पाकट माशावर पाय पडू नये म्हणून पाय न उचलता घासत चाला, चाहूल लागली की तो निघून जातो. स्टोनफिश हा विषारी काट्यांचा मासा दगडासारखाच दिसतो, म्हणून जाड तळाचे पाण्यातले बूट हवेत. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ताबडतोब दवाखाना गाठा. बॉक्स जेलीफिशच्या डंखाचा पट्टा उमटला तर वर व्हिनेगर ओता, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका.

जमिनीवरही दोन गोष्टी. लगडलेल्या नारळाखाली चटई टाकू नका. आणि कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल खूण केलेली. त्याची फळं हिरव्या लहान सफरचंदासारखी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते.

डासांचं काय?

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे संध्याकाळचीच काळजी घेऊन भागत नाही. मलेरिया सगळ्या बेटांवर नसतो, पण झांझिबार किंवा सॉलोमन बेटांसारख्या ठिकाणी जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तिथले मासे खाल्ले तर चालतात ना?

चालतात, पण प्रवाळातले मोठे शिकारी मासे, विशेषतः बॅराकुडा, टाळा. काही भागांत सूक्ष्म शेवाळातलं सिग्वाटॉक्सिन नावाचं विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. ते शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही, आणि चवीतही कळत नाही.

मला बोट लागते. उपाय?

गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. बोटीच्या मध्यात किंवा मागच्या बाजूला बसा, क्षितिजाकडे पाहा, मोबाइल खिशात ठेवा. शक्यतो सकाळची फेरी घ्या, बऱ्याच बेटांवर दुपारपर्यंत वारा वाढतो.

चारी बाजूंनी पाणी, तरी हॉटेलात ‘पाणी जपून वापरा’ असं का लिहिलेलं असतं?

सपाट प्रवाळ बेटावर नदी नसते. पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. उपसा जास्त झाला की खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. मग समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करावं लागतं, आणि त्या यंत्राला लागणारं इंधनही जहाजानेच येतं.

तिथल्या चालीरीतींचं काय पाहावं?

बेट म्हणजे आधी कोणाचं तरी गाव आहे. मालदीवच्या रिसॉर्टवर चालतं ते गावाच्या बेटावर चालत नाही. तिथे दारू नसते आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. बालीला न्येपीच्या, म्हणजे तिथल्या हिंदू नववर्षाच्या मौनाच्या दिवशी, बहुधा मार्च महिन्यात, विमानतळासकट सगळं २४ तास बंद असतं. पर्यटकांनीही बाहेर पडायचं नसतं, दिवे मंद ठेवायचे असतात. तारीख दर वर्षी बदलते. मला तर त्याच दिवशी तिथे असावं असं वाटतं. अख्खं बेट अंधारात असताना आकाश कसं दिसत असेल!

शेवटच्या दिवशी डायव्हिंग करून रात्रीचं विमान पकडता येईल?

नाही. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक केल्या असतील तर किमान १८ तास थांबा. उंच डोंगरावर गाडीने जाण्यालाही हीच काळजी लागते. हवाईच्या माउई बेटावरचा हालेआकाला ३,००० मीटरहून उंच आहे. पाण्यावरच्या स्नॉर्कलिंगला ही अडचण नाही.

आठवण म्हणून शंख, प्रवाळ आणता येतात का?

प्रवाळ नाही. दगडी प्रवाळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, विमानतळावर ते जप्त होतं. सेशेल्सचा प्रचंड जोड-नारळ, कोको द मेर, परवान्याच्या कागदाशिवाय बाहेर नेता येत नाही. शंखांचे नियम बेटागणिक बदलतात.

रिकामे शंख मात्र मी कुठूनच आणत नाही. त्यांना गिऱ्हाईक असतं. एका शेवटच्या सकाळी, ओहोटीला, मी एक चांगला मोठा रिकामा शंख खेकड्यांच्या वाटेत ठेवून बसले. हे खेकडे मऊ पोट झाकायला दुसऱ्याचा शंख घेतात आणि वाढले की मोठा शोधतात. आधी एक आला, आत डोकावला, बाजूला उभा राहिला. त्याला तो मोठा होत होता. मग दुसरा, तिसरा. थोड्या वेळाने एक धिप्पाड खेकडा आला, आणि त्याच्या मागे बाकीचे चक्क उंचीप्रमाणे रांगेत लागले. त्याने नव्या शंखात उडी मारली, त्याच्या जुन्यात मागचा शिरला, त्याच्या जुन्यात त्याच्या मागचा. मिनिटभरात सगळ्यांची घरं बदलून झाली. सगळ्यात धाकट्याचा सोडलेला शंख, बोराएवढा, वाळूत तसाच राहिला होता.